सातव्या क्रमांकाचं वाक्य

मी डॉक्टरांचे शोधनिबंध शेवटाकडून वाचते. पैसे तेवढ्याचेच मिळतात. निदान, उपचार, निष्कर्ष यांच्याशी माझा संबंध नसतो. शेवटची संदर्भसूची नियतकालिकाच्या नियमात बसवून द्यायची, बस्स. एम.ए. मराठी करून सालेकसाला परत आले तेव्हा हे काम ओळखीतून आलं आणि चिकटलं. लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडायचा, हावडा लाइनवरून मालगाडी धडधडत गेली की थोडं थांबायचं आणि पुन्हा स्वल्पविराम मोजायचे.

चार वर्षं हे केल्यावर वाटायला लागलंय की संदर्भसूची हाही एक लेखनप्रकार आहे, आणि त्याची समीक्षा कुणी करत नाही.

वैद्यकातली सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे 'व्हँकुव्हर'. १९७८ साली काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या त्या शहरात अनौपचारिकपणे भेटले आणि हस्तलिखितं कशी पाठवावीत ते त्यांनी ठरवलं. १९७९मध्ये ते नियम छापले गेले. मजकुरात फक्त आकडा टाकायचा आणि शेवटी त्या आकड्यासमोर सगळा पत्ता द्यायचा. आधी आडनाव, मग आद्याक्षरं, त्यांच्यात टिंब नाही. वर्षानंतर अर्धविराम, अंकानंतर कोलन. पानं ८५ ते ८८ असतील तर ८५-८ एवढंच, कारण दुसरा आठ पुन्हा लिहिणं म्हणजे उधळपट्टी. एवढी काटकसर मी अभंगातही क्वचित पाहिली.

या घाटाचं मला कौतुक आहे, खोटं कशाला बोलू. आमच्या तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी जत्रा भरते. तिथं दोन अनोळखी माणसं भेटली की आडनावाबरोबर 'किती देवांचे?' हेही विचारतात. उत्तर एका आकड्यात येतं, पण त्या आकड्यामागे अख्खं कूळ उभं असतं. कोण भाऊ लागतो, सोयरीक कुठं जमते, सगळं त्यातून कळतं. व्हँकुव्हरच्या आकड्याकडूनही माझी अपेक्षा तेवढीच आहे. विचारलं तर त्याला कूळ सांगता आलं पाहिजे.

गेल्या महिन्यात एक निबंध आला. त्यात एक वाक्य होतं: भारतातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असतो. पुढे आकडा ७. सूचीत सातव्या जागी डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा 'लॅन्सेट'मधला १९८९चा निबंध. स्वल्पविराम, अर्धविराम, कोलन सगळं जागच्या जागी. नियमानुसार मी पुढे जायला हवं होतं.

पण गडचिरोली आमच्या शेजारचा जिल्हा. तो अभ्यास तिथला, हे मला माहीत होतं. मोबाइलवर पबमेड उघडलं. सारांशाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की ही पाहणी दोन गावांतली आहे. ६५० स्त्रिया. त्यांतल्या ९२ टक्क्यांना एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, सरासरी एकीला ३.६. आणि मला सगळ्यात जड गेलेला आकडा: यापूर्वी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. खेड्यातली बाई म्हणजे गरोदरपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावरच आरोग्यखात्याचं लक्ष होतं, त्या काळात या निबंधाने तिच्या बाकीच्या दुखण्याकडे बोट दाखवलं. त्याचं वजन त्या दोन गावांमुळेच आहे. कुणीतरी तिथं गेलं, बायांना विश्वासात घेतलं, तपासलं. 'भारतातल्या ९२ टक्के स्त्रिया' म्हटलं की ती दोन गावंच पुसली जातात. वाक्य मोठं होतं आणि त्यातली बाई नाहीशी होते.

मी समासात टिप्पणी टाकली. उत्तर आलं, 'मॅडम, तुम्ही फक्त फॉरमॅट बघा.'

हे 'फक्त फॉरमॅट' किती महाग पडतं, त्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. १९८०मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामकं मिळालेले ११,८८२ रुग्ण, आणि पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद, एवढाच त्याचा दावा. पुढे ते पत्र संदर्भ म्हणून फिरत राहिलं. २०१७मध्ये त्याच नियतकालिकात काही संशोधकांनी हिशेब मांडला: ६०८ वेळा उल्लेख, त्यांतल्या ४३९ निबंधांनी ते 'व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून वापरलेलं. आणि हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही साधी गोष्ट ४९१ निबंधांनी सांगितलीच नाही. दरम्यान त्या देशात या गोळ्यांनी किती घरं बसवली, हे तुम्ही वेब सीरिजमध्ये पाहिलं असेल. त्या ६०८ सूच्यांपैकी बहुतेकींतले स्वल्पविराम बरोबर असणार, याबद्दल मला शंका नाही.

म्हणजे या प्रकाराचा दोष त्याच्या गुणातच आहे. ओळ इतकी नीटनेटकी दिसते की मागे जाऊन बघावंसंच वाटत नाही. संपादकांची समिती अजूनही सांगते की संदर्भ मुळाशी ताडून बघा, जबाबदारी लेखकाची. पण तपासला जातो तो घाट. घाट आता फुकट मिळतो. झोटेरो, मेंडले एका क्लिकवर सूची लावून देतात. एआयकडून मागवलेल्या सूचीत तर जन्मालाच न आलेले निबंध मी पाहिलेत, नाव, वर्ष, पान क्रमांकासकट. विरामचिन्हं निर्दोष!

नावांचं दुखणं वेगळंच. आमच्याकडचं 'पटले' हे आडनाव रोमनमध्ये गेलं की परत येताना पाटले, पतले, काहीही होऊन येतं. उईके दोन-तीन स्पेलिंगांत फिरतात आणि संगणक त्यांना वेगवेगळी माणसं समजतो. बंगांच्या त्या निबंधाला सहा लेखक आहेत. रूढ नमुन्यात पहिली सहा नावं देऊन मग 'एट अल.' म्हणतात, म्हणून सगळे कसेबसे बसतात. तीनच नावं चालवणाऱ्या नियतकालिकात निम्मे गळतात.

एम.ए.ला ज्ञानेश्वरी होती. तिच्या शेवटी ज्ञानेश्वर सांगतात की आपण व्यासांच्या मागावर, भाष्यकारांना वाट विचारत आलो. शक १२१२ची नोंद आहे, लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचं नावही आहे. परीक्षेत मी यावर 'विनम्रता' असं काहीतरी लिहून आले होते. आता वाटतं, तो विनय असेलही, पण त्याहून जास्त ती कामाची गोष्ट आहे. वाट विचारायची तर आधी त्या माणसापर्यंत जावं लागतं. आमच्या निबंधांत माणूस लांबूनच दिसतो, आणि आपण त्याला वाट विचारल्याचं लिहून मोकळे होतो. (लिहून घेणाऱ्याचं नाव टाकायची प्रथा मात्र परत आणायला माझी हरकत नाही.)

दोन दिवसांनी त्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज थोडा उतरलेला होता.

'मॅडम, तो लॅन्सेटचा पूर्ण पेपर आहे का तुमच्याकडे? मला सारांशच दिसतोय. बाकीच्याला पैसे मागतात.'

'नाही सर. मीपण सारांशच वाचलाय.'

दोघंही जरा गप्प. मी ज्या जोरावर समासात टिप्पणी टाकली होती, तो जोर एका परिच्छेदाचा होता. आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या बायांबद्दलचा पूर्ण निबंध वाचायला त्यांना दुसऱ्या कॉलेजचं लॉगिन शोधावं लागणार होतं, मला तर तेही नाही.

नागपुरातल्या एका मित्राकडे लायब्ररीचं लॉगिन आहे, त्याच्याकडून मागवतो, असं ते म्हणाले. अजून आलेला नाही. निबंध जमा करायची मुदत शुक्रवारी आहे. बाकी सूची लावून झालीये, सातवं वाक्य पिवळं करून ठेवलंय.