कडवी गेली, नाद उरला

बॉब डिलनने 'मिस्टर टॅम्बरिन मॅन' 15 जानेवारी 1965 रोजी न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित केलं: चार कडवी, साडेपाच मिनिटं. पाचच दिवसांनी हॉलिवूडमध्ये, कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत, बर्ड्स नावाच्या नवख्या बँडने तेच गाणं सव्वादोन मिनिटांत आटोपलं. तीन कडवी सरळ गाळली. ध्रुवपद, एक कडवं, पुन्हा ध्रुवपद, संपलं. पोवाड्याचे बाकीचे चौक उडवून एकच म्हणावा, तसा हा प्रकार. एप्रिलमध्ये आलेली ही रेकॉर्ड जूनअखेरीस अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली आणि 21 जूनला त्याच नावाची पहिली एलपी बाजारात आली. फोक रॉकचा इतिहास बहुधा इथूनच सांगितला जातो.

तो सांगताना विजेच्या गिटारचं कौतुक होतं, कात्रीचं होत नाही. पण या बँडने घडवलेल्या बदलात गिटारइतकाच हात कात्रीचा होता. लोकगीत म्हणजे सांगण्याची गोष्ट, ही समजूत मागे पडली आणि लोकगीत म्हणजे एक विशिष्ट नाद, ही कल्पना रुजली. फोक रॉकच्या पुढच्या साठ वर्षांतली कमाई आणि उधारी या दोन्हींचं मूळ तिथे आहे.

बर्ड्समधली मंडळी लोकसंगीतातूनच आलेली होती. जिम मॅग्विन शिकागोच्या 'ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक'मध्ये बँजो शिकलेला, जीन क्लार्क 'न्यू क्रिस्टी मिन्स्ट्रल्स'मध्ये गायलेला, ख्रिस हिलमन ब्लूग्रासमध्ये मँडोलिन वाजवणारा. 1964 मध्ये बीटल्सचा 'अ हार्ड डेज नाइट' हा चित्रपट पाहिला आणि जॉर्ज हॅरिसनच्या हातातली बारा तारांची रिकनबॅकर गिटार मॅग्विनच्या डोक्यात बसली. त्याने ती घेतली, पण वाजवली बँजोच्या बोटांनी. ध्वनिमुद्रणात त्या आवाजाला कंप्रेशन दिलं गेलं, त्यामुळे एरवी चटकन विरणारा स्वर लांबत राहिला. झणझणीत आणि तरी अखंड असा तो आवाज तयार झाला तो या दोन गोष्टींतून. सुरुवातीच्या सुरावटीवर बाखची छाया आहे. डिलनचा दोन मात्रांचा ठेका चार मात्रांचा झाला आणि त्या गाण्यावर लोक नाचू लागले.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. या पहिल्या गाण्यात बर्ड्सपैकी वाद्य वाजवलं ते एकट्या मॅग्विनने. निर्माता टेरी मेल्चर याचा बाकीच्यांच्या वादनावर भरवसा नव्हता. त्यामुळे ड्रम्सवर हॅल ब्लेन, बासवर लॅरी नेक्टेल असे लॉस एंजेलिसचे मुरलेले स्टुडिओवादक बसले. क्लार्क आणि बँडमधलाच डेव्हिड क्रॉस्बी फक्त गायले. एलपीतलं बाकीचं जवळजवळ सगळं बँडने स्वतः वाजवलं आणि ते ऐकताना कुठे सांधा जाणवत नाही. याचा अर्थ नाद वादकांपेक्षा मोठा ठरला होता. जो नाद परक्या हातांनाही उचलता येतो, त्याची नक्कल व्हायला वेळ लागत नाही.

त्या एलपीच्या बारा गाण्यांतलं कसोटीचं गाणं 'द बेल्स ऑफ रिम्नी'. शब्द वेल्श कवी इड्रिस डेव्हिस यांचे, चाल लोकगायक पीट सीगर यांची. 1926 च्या संपानंतर उजाड झालेल्या कोळसा खाणींच्या खोऱ्यात गावोगावच्या चर्चच्या घंटा आळीपाळीने बोलतात, प्रश्न विचारतात, खाणमालकांना दोष देतात. सीगरच्या कार्यक्रमांत हे आरोपपत्र होतं. बर्ड्सच्या हाती ते शिल्प झालं. गिटार स्वतःच घंटा होते, आवाज एकमेकांवर रचले जातात आणि शेवटी शब्द संपून नुसती सुरावट उरते. गाणं विलक्षण सुंदर आहे. प्रश्न इतकाच, की या सौंदर्यात खाणकामगाराचं काय झालं? माझ्या मते तो पुसला गेला नाही, पण दूर गेला. हॅरिसनने याच गाण्यातली गिटारची आकृती उचलून त्याच वर्षअखेर बीटल्सच्या 'रबर सोल'मध्ये 'इफ आय नीडेड समवन' केलं. ते प्रेमगीत आहे. आकृती पोचली, आशय वाटेतच राहिला.

त्यानंतर लाट आली. टर्टल्स आणि शेर यांनी डिलनची गाणी घेतली. निर्माता टॉम विल्सनने सायमन आणि गारफंकेल यांच्या 'द साउंड ऑफ सायलेन्स'वर मागाहून विजेची वाद्यं आणि ड्रम्स चढवले. 1966 च्या जानेवारीत ते गाणं अव्वल ठरलं. खुद्द डिलनने मात्र वेगळं उत्तर दिलं. जुलै 1965 मध्ये त्याचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' आलं, सहा मिनिटांचं, चारही कडवी शाबूत. वाद्यांचा गजर आणि शब्दांचा ओघ एकत्र नांदू शकतात, हे त्याने लगेच दाखवून दिलं. पण कंपन्यांना सव्वादोन मिनिटांचा नमुना जास्त सोयीचा होता.

डिलनचा हा धागा पुढे नेला इंग्लंडने. 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या बँडने 1969 च्या 'लीज अँड लीफ' अल्बममध्ये 'मॅटी ग्रोव्हज' हे जुनं कथागीत घेतलं: व्यभिचार, विश्वासघात, खून. आठ मिनिटांत सँडी डेनी ते कडव्यामागून कडवं सांगत जाते. डेव्ह मॅटॅक्सचे ड्रम्स तिच्या निवेदनाला पुढे रेटतात, झाकत नाहीत. कथा संपल्यावरच गिटार आणि फिडल मोकळी सुटतात.

आजचं फोक रॉक या दोन वाटांवर उभं आहे आणि गर्दी पहिलीवर आहे. 'मम्फर्ड अँड सन्स'च्या 2009 च्या पहिल्या अल्बमात बँजो आहे, पायाने वाजणारा ड्रम आहे, सामूहिक ललकारी आहे, पण कोणाची, कुठली हकिगत चालली आहे ते क्वचितच कळतं. 'फ्लीट फॉक्सेस'च्या सुरावटी जास्त घडीव, तरी तिथेही शब्द स्वरात विरघळतात. दुसऱ्या वाटेवर डब्लिनचा 'लँकम' आहे. 2023 च्या 'फॉल्स लँकम'मध्ये 'गो डिग माय ग्रेव्ह' आठ मिनिटांहून अधिक चालतं. संथ, खर्जातल्या गुंजनावर रेडी पीटचा आवाज एका मुलीचा मृत्यू सांगतो आणि त्यातला एकही शब्द ऐकणाऱ्याला चुकवता येत नाही.

नादाला कमी लेखायचं कारण नाही. बर्ड्सने लोकगीताला तरुणांच्या नाचघरात नेलं नसतं, तर ते कॉफीहाउसच्या चार टेबलांपुरतं उरलं असतं. पण साठ वर्षांनंतर नव्या बँडची कसोटी बँजो किंवा बारा तारांवर घेण्यात अर्थ नाही. वाद्यं पूर्ण जोरात असताना गाण्यातला माणूस आणि त्याचं गाव ओळखू येतं का, हे पाहावं. या कसोटीवर बर्ड्सचा पहिला अल्बम निम्माच उतरतो. त्याचे बहुतेक वारसदार मात्र त्या परीक्षेला बसतच नाहीत.