नगरांची प्रतवारी

परदेशाचा प्रवास करून आलेल्या मनुष्यास आपण बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो की, सर्वांत आवडलेले शहर कोणते? आणि त्याच्या पाठोपाठ, किंचित खोडकरपणाने, दुसरा: मुळीच न आवडलेले कोणते? उत्तर देणाराही मागेपुढे पाहत नाही. कोणी पॅरिसला पहिला मान देतो, कोणी व्हिएन्नाला, कोणी इस्तंबूलला; आणि शेवटचा क्रमांक बहुतकरून अशा शहराच्या वाट्यास येतो की जेथे त्याचे सामान हरवले, पोट बिघडले किंवा तीन दिवस एकसारखा पाऊस लागला. सहलसंस्थांच्या कृपेने आज मध्यम स्थितीतील कुटुंबेही दहाबारा दिवसांत सातआठ नगरे पाहून येतात, आणि मासिकांतून ह्या आवडीनिवडीचे लेख येऊ लागले आहेत. दिवाणखान्यातील गप्पा म्हणून ही प्रतवारी निरुपद्रवी आहे. परंतु ती छापली गेली म्हणजे तिला मताचे रूप येते, ऐकणारी मुले तिला ज्ञान समजू लागतात, आणि मग तिची परीक्षा करणे टीकाकाराचे काम होऊन बसते.

ही परीक्षा आम्ही माहुरापासून आरंभ करणार आहो. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, पैनगंगेच्या खोऱ्यातील डोंगरांत वसलेले हे लहानसे क्षेत्र जगातील नगरांच्या कोणत्याही यादीत आढळावयाचे नाही. असे असता त्याची निवड करण्याचे कारण असे की, आवडीच्या व नावडीच्या स्थळांविषयी मराठी मनाने जो सर्वांत जुना आणि सर्वांत खोल विचार केला, त्याच्या खुणा ह्या एकाच ठिकाणी एकत्र सापडतात.

प्रथम साडेतीन पीठांचाच विचार करू. तुळजापूर, कोल्हापूर आणि माहूर ही पूर्ण पीठे, व वणीची सप्तशृंगी हे अर्धे, अशी गणना आपण लहानपणापासून ऐकतो. परक्या मनुष्यास ही उघड उघड प्रतवारी वाटेल. परंतु वणीच्या गडावर चढणाऱ्या भाविकास आपण अर्ध्या प्रतीच्या दैवताकडे चाललो आहो असे कधी वाटल्याचे ऐकिवात नाही. कारण ॐकाराच्या साडेतीन मात्रांशी ही पीठे जोडली गेली आहेत, आणि अर्धमात्रा गळली तर ॐकार पुरा होत नाही. येथे संख्या आहे, पण चढउतार नाही. चारांपैकी प्रत्येकाला एका मोठ्या आकृतीत आपापली जागा नेमून दिलेली आहे.

माहूरच्या स्थलकथेतील पहिला प्रवासी परशुराम. एका बाजूस पित्याचा देह व दुसऱ्या बाजूस माता अशी कावड खांद्यावर घेऊन तो कोरी भूमी, म्हणजे जेथे पूर्वी कोणाचेही दहन झालेले नाही अशी जागा, शोधीत निघाला, आणि ती त्याला माहुराच्या डोंगरावर मिळाली, असे माहात्म्य सांगते. वाटेत त्याला रम्य अरण्ये व समृद्ध नगरे लागली असतीलच. कथा त्यांचा उल्लेखही करीत नाही. ती वाईट होती म्हणून नव्हे; त्याच्या खांद्यावर जे ओझे होते त्याच्या उपयोगी ती नव्हती म्हणून.

दुसरा प्रवासी दत्तात्रेय. लोकपरंपरा असे सांगते की, दत्तगुरू प्रतिदिनी स्नानास काशीस जातात, भिक्षेस कोल्हापुरास, आणि निद्रेस माहुरास येतात. संस्कृत वज्रकवचात हीच दिनचर्या थोड्या निराळ्या रीतीने येते: तेथे कोल्हापुरास जप आहे, माहुरास भिक्षा आहे, आणि शयन सह्याद्रीवर आहे. पाठभेद असले तरी तत्त्व एकच. एका दिवसात इतकी नगरे फिरणारा दुसरा प्रवासी सापडणे कठीण. तरीही ह्यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न त्या कथेत उद्भवतच नाही. प्रत्येक नगरास एक काम दिले आहे. काशीला भिक्षा का नाही आणि माहुराला स्नान का नाही, म्हणून कोणी रुसत नाही.

तिसरा प्रवासी ऐतिहासिक पुरुष आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याचेच मत सर्वांत महत्त्वाचे. गुजरातेतून रामयात्रेच्या निमित्ताने निघालेले आणि पुढे ऋद्धिपूरास गोविंदप्रभूंच्या भेटीने निराळ्याच मार्गास लागलेले श्रीचक्रधर यांनी तेराव्या शतकात महाराष्ट्र पायांखाली घातला. त्यांच्या वचनांचा जो संग्रह सूत्रपाठ म्हणून महानुभाव पंथात मान्य आहे, त्यात शिष्यांनी कोठे जावे व कोठे जाऊ नये ह्याविषयी स्पष्ट आज्ञा आहेत. महाराष्ट्रात राहावे, कानडी व तेलंगी मुलखांत जाऊ नये, कारण तेथे विषयांची समृद्धी फार, आणि मातापूर व कोल्हापूर येथेही जाऊ नये. मातापूर म्हणजेच आपले माहूर. ही दोन स्थाने साभिमान आहेत, म्हणजे तेथील दैवतांना आपल्या ठिकाणाचा अभिमान आहे, आणि ती साधकाच्या मार्गात विघ्ने आणतात, असे त्याचे कारण दिलेले आहे.

मराठी गद्य अगदी बाल्यावस्थेत असता त्यात नावडत्या स्थळांची ही यादी यावी, आणि तीत माहूर असावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पण हे नावडणे कोणत्या जातीचे आहे ते पाहा. माहूर घाणेरडे आहे, तेथील लोक उद्धट आहेत किंवा तेथे राहण्याची सोय नाही, असे तेथे म्हटलेले नाही. आक्षेप आहे तो त्या स्थळाच्या सामर्थ्यावर. जे ठिकाण साधकाला एकाग्रतेपासून ओढून आपल्याकडे घेईल, त्याच्यापासून त्याने दूर राहावे. तेलंगणाची समृद्धी जशी टाळावयाची, तशीच माहूरची ओढही. एखाद्या स्थळाच्या प्रभावाची ह्याहून मोठी कबुली स्तुतिपाठकांच्या ग्रंथांतही सापडणार नाही.

येथेच एक पेच उभा राहतो. ज्या पंथाने मातापुरास जाऊ नये असे सांगितले, त्याच पंथात दत्तात्रेय प्रभू पंचकृष्णांपैकी एक आहेत. चांगदेव राऊळांना दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपाने दर्शन दिले ते ह्याच डोंगरात. आणि माहूरचे देवदेवेश्वर हे आजही महानुभावांचे थोर तीर्थ आहे. ह्यात विसंगती आहे असे घाईने म्हणता येईल. आमच्या मते विसंगती नाही. निषेध केला तो क्षेत्राच्या देवतेच्या ओढीचा. वंदन केले ते गुरूच्या स्थानाला. एकाच गावात एक काम वर्ज्य आणि दुसरे काम पवित्र असू शकते. जो प्रवासी गावाला एकच अंक देऊन मोकळा होतो, त्याला हा विवेक करताच येत नाही. ह्याच पंथातील स्थानपोथी पाहावी. कोणते देऊळ कोठे, त्याचे दार कोणत्या दिशेस, स्वामी कोठे बसले, एवढेच ती नोंदविते. कोणते स्थान अधिक रमणीय ह्याची ती वाच्यता करीत नाही, आणि म्हणूनच शतकांनंतर तिच्या आधारे माणूस जागा शोधीत जाऊ शकतो.

आता मुद्रित मराठी प्रवासवर्णनाकडे वळू. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवून घरचे ऋण फेडण्यासाठी. आपला हेतू त्यांनी झाकलेला नाही. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. त्यातील झाशी आवडते नगर म्हणावे की नावडते? लक्ष्मीबाईच्या आश्रयाने सुखात असलेली झाशी त्यांनी पाहिली, आणि १८५८ च्या एप्रिलात इंग्रजी फौज आत शिरल्यावरची झाशीही तेथेच राहून पाहिली. एकच शहर एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही टोकांना जाऊन आले. मिळविलेले द्रव्य लुटले गेले आणि भटजी गंगोदकाची कावड घेऊन घरी आले. अशा ग्रंथापुढे आवडत्या शहरांची यादी मांडण्याचे धाडस कोण करील?

पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' १८८९ सालचे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास पोहोचल्या, आणि पुढे दोन वर्षांहून अधिक काळ त्यांनी तो देश पाहिला. त्यांचे मोजमाप उघड आहे: येथे स्त्रीस शिक्षण, काम आणि मान मिळतो काय? हे माप हाती असल्यामुळे त्यांची अमेरिकेची स्तुती पोकळ वाटत नाही. आणि तेच न्यायाचे माप त्या देशातील मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायास व काळ्या लोकांविषयीच्या द्वेषास लावण्यास त्या कचरल्या नाहीत. पक्षपात आहे, परंतु तो सांगून केलेला आहे.

अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) ह्या पुस्तकाच्या नावातच प्रतवारी आहे: विलायतेचे धुके मागे टाकावयाचे आणि रशियाचा तारा गाठावयाचा. असा उघड कल वाचकास सावध करतो, म्हणून तो आम्हांस दोषास्पद वाटत नाही. मात्र १९३६ ते १९३८ ह्या वर्षांत त्याच मॉस्कोत जे राजकीय खटले चालले त्यांचे खरे स्वरूप जगास पुढे कळले, आणि १९९१ साली तर ते संघराज्यच लयास गेले. पाहुण्यास नगराचा दर्शनी भाग दिसतो, हा धडा त्यातून प्रत्येक प्रवासलेखकाने घ्यावा. पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'चे (१९६०) यश निराळ्या कारणाचे आहे. लंडन व पॅरिस पाहताना त्यांनी आपला मुंबई-पुण्याचा मध्यमवर्गीय संसार बरोबर नेला आणि हसू आणले ते पुष्कळदा स्वतःवर. माप कोणाचे आहे हे वाचक क्षणभरही विसरत नाही. त्यांच्या अनुकरण करणाऱ्यांनी विनोद उचलला व माप घरी ठेवले. त्यामुळे त्यांच्या लेखांत शहरेच हास्यास्पद होतात आणि लेखक मात्र सुरक्षित राहतो.

ह्यावर कोणी म्हणेल की, एवढी छाननी करण्यापेक्षा प्रत्येक शहर आपापल्या परीने चांगलेच असते, असे म्हणून प्रतवारी सोडून द्यावी. हे आम्हांस मान्य नाही. सर्वच चांगले म्हणणाऱ्याने काहीच नीट पाहिलेले नसते. चक्रधरांची आज्ञा आठ शतकांजवळ टिकली ती तिच्या धारेमुळे. नावड ही रसिकाची अर्धी शक्ती आहे. ती गमावून उरणारे सौजन्य साहित्याच्या उपयोगाचे नाही. आमची मागणी एवढीच की, नावडीबरोबर तिचे कारण यावे, आणि ते कारण शहराविषयी असावे, प्रवाशाच्या पोटाविषयी नसावे.

शास्त्रीय म्हणविणाऱ्या याद्यांनाही हाच न्याय लागू आहे. लंडनच्या इकॉनॉमिस्ट संस्थेची एक शाखा जगातील १७३ नगरांची राहण्याच्या दृष्टीने दरवर्षी क्रमवारी लावते. २०२४ साली तीत व्हिएन्ना पहिले व दमास्कस शेवटचे होते. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सोयी ही तिची पाच अंगे आहेत. आणि परगावी पाठविलेल्या नोकरांना किती भत्ता द्यावा हे ठरविण्यास कंपन्यांना तिचा उपयोग होतो. त्या कामापुरती ती यादी प्रामाणिक आहे. परंतु वर्तमानपत्रांतून ती आपल्याकडे येते तेव्हा भत्त्याची गोष्ट गळून पडते आणि दमास्कस हे जगातील हीन नगर असा समज मागे राहतो. जगातील अतिप्राचीन वसत्या नगरांपैकी एकाची, युद्धाने पोळलेल्या काळात केलेली ही मोजणी आहे, हे कोणी सांगत नाही. झाशीची परीक्षा केवळ १८५८ च्या एप्रिलात करावी, तशातलाच हा प्रकार.

तेव्हा पुढील वेळी कोणी आपल्या आवडत्या व नावडत्या नगरांची यादी वाचून दाखवील, त्या वेळी वाचकांनी त्यास तीन प्रश्न विचारावेत. आपण तेथे कोणत्या कामासाठी गेला होता? किती दिवस राहिला होता, आणि कोणत्या दिवसांत? आणि ज्या मापाने ते शहर मोजले त्याच मापाने आपले स्वतःचे गाव मोजून पाहिले आहे काय? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. परदेशातील पदपथांची वाखाणणी करणाऱ्या किती जणांनी माहूरच्या गडाच्या पायऱ्या चढून, रेणुकेचा कुटलेला तांबूल प्रसाद म्हणून घेऊन, त्या क्षेत्राच्या स्वच्छतेविषयी, पाण्याविषयी, यात्रेकरूंच्या गर्दीविषयी चार जबाबदार ओळी लिहिल्या आहेत? आपल्या मुलखाविषयी गप्प राहणाऱ्या लेखणीला परक्या मुलखाविषयी निर्णय देण्याचा अधिकार थोडाच पोहोचतो. तो अधिकार मिळवावयाचा असेल तर आरंभ जवळच्या गावापासून करावा. मग तेच माप घेऊन पॅरिसपर्यंत खुशाल जावे.