पडद्यावरचे दोन धर्मगुरू

अर्जेंटिनाच्या लुईस पुएन्सो यांचा ‘ला इस्तोरिया ओफिसियाल’ (१९८५) आणि चिलीच्या आंद्रेस वूड यांचा ‘माचुका’ (२००४) या दोन्ही चित्रपटांची भाषा स्पॅनिश. दोहोंवर लष्करी राजवटीची छाया. पहिल्याला ऑस्कर मिळाले आणि ते यथार्थच होते. आपली दत्तक मुलगी एखाद्या ‘बेपत्ता’ केलेल्या मातेची तर नसेल, या शंकेने पोखरलेली इतिहासशिक्षिका आलिसिया प्रायश्चित्त संस्कारासाठी जाते. तिला सत्य हवे असते. धर्मगुरू मात्र पापक्षमा देऊन मोकळे होतात! संस्काराचा असा आडोसा पाहताना माझ्यातला धर्मगुरू अस्वस्थ झाला, हे कबूल करतो.

‘माचुका’तील फादर मॅकेन्रो सांतियागोतील श्रीमंतांच्या शाळेत झोपडपट्टीतील मुले घेतात. सप्टेंबर १९७३ च्या उठावानंतर शाळा लष्कराच्या ताब्यात जाते. तेव्हा ते चर्चमध्ये येऊन उरलेला ख्रिस्तप्रसाद स्वतः सेवन करतात, वेदीजवळचा दिवा मालवतात आणि निघून जातात. संस्काराची अशी राखण मी अन्य कुठल्या चित्रपटात पाहिलेली नाही.

तरीही कलाकृती म्हणून पुएन्सो यांचा चित्रपट मला अधिक बांधेसूद वाटतो. वूड यांचे फादर जरा जास्तच निष्कलंक आहेत. ती उणीव गोन्सालो हा मुलगा भरून काढतो. वस्तीवर सैनिक तुटून पडतात, तेव्हा मित्राला मागे टाकून तो ओरडतो, ‘माझ्याकडे बघा!’ सैनिक त्याचे कपडे आणि बूट पाहतो, आणि त्याला जाऊ देतो.