पटावरचा शत्रुंजय

कार्तिकी पौर्णिमेला पंढरीची वारी आटोपत आलेली असते. त्याच सकाळी सुरतेत, गोपीपुऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांतले जैन ‘पट जुहारायला’ निघतात. पावसाळ्यात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा त्या दिवशी खुली होते. खंभातच्या आखातापलीकडे पालिताण्याला जाणे ज्यांना जमत नाही, ते कापडावर रंगविलेल्या डोंगरापुढे वंदन करतात. नंदुरबार-नवापूरकडच्या वाचकाला सुरत परकी नाही. त्याने एकदा हे चित्र अवश्य पाहावे.

आमचे चित्रकलेचे शिक्षक असे पट पाहून हटकून म्हणतात, “पर्स्पेक्टिव्ह कच्चे आहे.” एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांनी दिलेली ही दृष्टी! दूरचे लहान, जवळचे मोठे हा नियम येथे नाहीच. तटबंदी वरून पाहिल्यासारखी, देवळे मात्र थेट समोरून. शत्रुंजयी नदी म्हणजे पायथ्याशी ओढलेला एक निळा पट्टा. पण हे चित्र एका जागी उभे राहून न्याहाळण्यासाठी काढलेलेच नाही. नजरेने पायथ्यापासून वाट धरायची, डोलीवाल्यांच्या व यात्रेकरूंच्या सोबतीने चढायचे, देवळादेवळापुढे थांबायचे. देऊळ तिरक्या कोनातून काढले तर आतली मूर्ती दिसणार कशी? म्हणून प्रत्येक दार आपल्याकडे तोंड करून उघडे. रायणीचा वृक्षही शिखरांच्या तोडीचा, कारण त्याच्याखाली आदिनाथांची पावले आहेत. आकार ठरतो तो अंतराने नव्हे, महत्त्वाने.

म्हणून ही शैली वास्तवाला पारखी आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबईचे व्यापारी मोतीशा शेठ यांच्या द्रव्यातून १८३० च्या दशकात दोन शिखरांमधली दरी भरून काढली गेली आणि तेथे देवळांची एक अख्खी टूक उभी राहिली. ती टूक पटात दिसली की पट त्याआधीचा नाही, हे उघड आहे. चित्रकार ठरीव साच्यात काम करीत होता खरा, पण डोंगरावर काय नवे झाले याची त्याला खबर होती. आपल्याकडील कित्येक ‘निसर्गचित्रकारां’ना शेजारच्या टेकडीचीही नसते!

हल्ली कोठे कोठे पटाच्या जागी डोंगराच्या छायाचित्राचा फ्लेक्स लावतात. आकाशातून टिपलेले ते चित्र मापाला अचूक असते. त्यात शिखरे व छपरे मोजता येतात. मूर्ती एकही दिसत नाही आणि चढायची वाट झाडीत हरवते. वंदनाला आलेल्या म्हातारीने पाऊल ठेवायचे कोठे?