हातात ब्रश नाही

सेकंड शिफ्ट होती. त्याआधी वाचनालयात एक जाड पुस्तक चाळत होतो, त्यात हा माणूस भेटला. सावळा, कुरळ्या केसांचा. पांढरी लेसची कॉलर, अंगावरून आडवा धरलेला हात. नजर खाली नाही, सरळ आपल्या डोळ्यात. खाली छापलेलं : 'हुआन दे पारेहा. तैलरंग. चित्रकार दिएगो व्हेलास्केझ, १६५०.' पारेहा हा व्हेलास्केझचा गुलाम.

समीक्षक म्हणतात, धन्यानं गुलामाला केवढा मान दिला! दिला. कबूल. करड्या-काळ्या रंगात त्यानं जे केलंय ते बघून आपलीच मान ताठ होते. पण मी त्या हाताकडंच बघत राहिलो. पारेहा धन्याचे रंग घोटायचा, कॅनव्हास तयार करायचा आणि स्वतःही चित्रकार होता. इथं त्यातलं काही नाही. ब्रश नाही, पॅलेट नाही. आणि हाच व्हेलास्केझ १६५६ च्या 'लास मेनिनास'मध्ये स्वतःला रंगवतो तेव्हा? ब्रश-पॅलेट दोन्ही हातात!

मला हे कळतं. मागं एका अंकवाल्यानं माझा साच्यापाशी उभा फोटो नेला. 'कामगार कवी' म्हणून छापला. कविता जागेअभावी राहिली म्हणे.

सुटकेच्या कागदावर धन्यानं सही केली ती १६५० मध्येच, रोमला. अट : आणखी चार वर्षं चाकरी. पुढं १६६१ साली पारेहानं 'संत मॅथ्यूला बोलावणं' हे भलंमोठं चित्र केलं. ते माद्रिदच्या प्रादोत आहे. त्यात डाव्या टोकाला तो स्वतः उभा, आपल्याकडं बघत. हातात कागद, कागदावर स्वतःचं नाव आणि साल. इथंही ब्रश नाहीच, पण सही आहे, आणि ती त्याची आहे.

एक गोष्ट मात्र टोचते. इथं त्यानं आपला चेहरा उजळ केलाय, नाकडोळे गोऱ्यांसारखे. पहिल्यांदा रागच आला. मग माझी जुनी वही काढली. पहिल्या कविता बघा : सगळं प्राजक्त नि चांदणं. चाळीतला एक शब्द नाही. मी कुठल्या तोंडानं त्याला बोलू?

धन्यानं काढलेलं चित्र १९७० साली लंडनच्या लिलावात २३ लाख पौंडांवर गेलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं ते घेतलं. पारेहाच्या स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन त्याच म्युझियममध्ये लागायला २०२३ उजाडलं.