जबाबदारी संपादकाची, अधिकार कोणाचा?

वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणजे सरकारी जाचापासून मुक्तता, अशी आपली जुनी समजूत आहे. ती अपुरी आहे, याची साक्ष मराठी वृत्तपत्रांचाच इतिहास देतो.

नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात ‘सकाळ’ काढला. मालक तेच, संपादकही तेच. पानांच्या संख्येशी किंमत जखडणारा केंद्र सरकारचा १९६० चा आदेश आला, तेव्हा ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. महाराष्ट्र व कर्नाटकात मिळून आपला रोजचा खप ५२ हजार असल्याचे त्याचे म्हणणे होते. धनाढ्य पत्रांपासून लहान पत्रांना वाचविणे हा आदेशाचा हेतू, असे सरकार सांगत होते. न्या. मुधोळकरांनी लिहिलेल्या १९६१ च्या निकालाने तो रद्द ठरला.

निकाल योग्यच होता. परंतु त्याने राखले ते पत्राचे, म्हणजे अखेर मालकाचे स्वातंत्र्य. परुळेकरांच्या ठायी दोन्ही भूमिका एकवटल्या असल्याने हा भेद जाणवला नाही. १९७३ मध्ये ते निवर्तले. १९८५ साली पत्र पवार कुटुंबाच्या व्यवस्थापनाखाली आले. भागभांडवलाबरोबर मालकी हस्तांतरित होते. संपादकाचा स्वतंत्र अधिकार मात्र कायद्यात कोठेच नोंदलेला नाही. अंकावर नाव त्याचे, खटल्यात आरोपीही तोच.

आगरकरांचे सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढल्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. आज दैनिकाला लागणारे भांडवल पाहता ती वाट बंद झाली आहे. संकेतस्थळ काढता येते. पण पहाटे कॅम्पातल्या दारात पडणारा अंक त्यातून निघत नाही.

मार्च २०१६ मध्ये ‘लोकसत्ता’ने मदर तेरेसांवरील आपला अग्रलेख दुसऱ्याच दिवशी दिलगिरीसह मागे घेतला. त्यामागे मालकांचा हात होता, असे आम्ही म्हणत नाही. आमचा आक्षेप एवढाच की, निर्णय कसा झाला हे कळण्याची सोय वाचकापाशी नव्हती. शासकीय नोकरीत वरिष्ठांनी आमचा अभिप्राय अमान्य केला, तरी आमची टिपणी सहीनिशी फाइलीत राहात असे. संपादकाला तेवढेही संरक्षण नाही.

आम्हा सीमाभागातील मराठी माणसांना ही चर्चा पुस्तकी वाटू नये. येथे सरकारी कागद कन्नडमध्ये निघतो. आपल्या सुखदुःखाचे दप्तर म्हणजे मराठी दैनिक. १९१९ साली बाबुराव ठाकूरांनी ‘तरुण भारत’ सुरू केल्यापासून आपण ते जपले आहे. म्हणूनच प्रत्येक पत्राने मालकाचे अन्य व्यवसाय वर्षातून एकदा छापावेत आणि संपादक बदलल्यास कारण द्यावे, एवढी मागणी वर्गणीदारांनी करावी. भाषेवरील निष्ठेने हा प्रश्न विचारण्याचे कर्तव्य संपत नाही.