दोन पंगतींचा चित्रकार

मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, दोन पंगती १९२८ सालापासून बसलेल्या आहेत. एका पंगतीला अमेरिकेतले धनकुबेर. समोर जेवण नाही. बाजारभावांची सोनेरी फीत हाती धरून ते ती वाचीत आहेत. दुसऱ्या पंगतीला साधी कष्टकरी माणसे. मधला पुरुष पाव मोडून वाढतो आहे. त्या पुरुषाचा चेहरा आहे आपल्या वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांचा! गदर पक्षाचे हे क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक झाले, आणि दिएगो रिव्हेरा या चित्रकाराशी त्यांचा स्नेह जडला.

रिव्हेराचा जन्म १८८६ सालचा, ग्वानाह्वातो गावचा. १९०७ साली तो युरोपला गेला, पॅरिसमध्ये घनवादी चित्रे काढून त्याने नावही मिळवले. तिथेच राहता तर दिवाणखान्यांतला एक मान्यवर चित्रकार म्हणून संपता. पण इटलीतली जुनी भित्तिचित्रे त्याने पाहिली आणि १९२१ साली तो मायदेशी परतला. दहा वर्षांच्या क्रांतीतून देश नुकता बाहेर पडत होता. बहुसंख्य जनतेला अक्षरओळख नव्हती. शिक्षणमंत्री वास्कोन्सेलोस यांनी चित्रकारांना सरकारी भिंती मोकळ्या करून दिल्या. ज्यांना पुस्तक वाचता येत नाही, त्यांनी भिंत वाचावी!

हे काम अंगमेहनतीचे. चुन्याचा गिलावा ओला आहे तोवरच रंग त्यात मुरतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी करायचा. खोडरबराची सोय नाही. धिप्पाड देहाचा रिव्हेरा परांचीवर तासन् तास बसून राही.

मी मूळ भिंती पाहिलेल्या नाहीत; छापील चित्रांवरूनच बोलतो. पण पेशाने शाळामास्तर असल्यामुळे उपदेशाचा वास मला लवकर येतो, आणि रिव्हेराच्या चित्रांत तो पुष्कळदा येतो. धनकुबेरांची पंगत पाहताना आपण हसतो आणि पुढे सरकतो. चित्राला जे सांगायचे ते एका क्षणात संपते. खानखोज्यांच्या पंगतीपाशी मात्र पाय थबकतात. तिथे कोणावर राग नाही. भुकेल्याला घास मिळतो आहे, एवढेच आहे. रागापेक्षा मायेने हा चित्रकार मोठा होतो, असे माझे मत आहे. पाठीवर फुलांचे ओझे वाहणारी त्याची माणसे पाहा. त्यांच्या वाकलेल्या कण्यातच सारे भाषण आले.

पण त्याच्या निष्ठेचे काय? १९३३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये त्याने भिंतीवर लेनिनचा चेहरा काढला. मालकांनी तो पुसण्यास सांगितले. रिव्हेराने नकार दिला. चित्र विद्रूप होण्यापेक्षा नष्ट झालेले बरे, अशी त्याची भूमिका होती. पैसे चुकते करून त्याला परांचीवरून उतरवण्यात आले, आणि १९३४ च्या फेब्रुवारीत ती भिंत फोडली गेली. तेच चित्र त्याने मेक्सिकोत पुन्हा रंगवले.

आता दुसरी हकीकत. १९४७ सालच्या आलामेदा बागेच्या चित्रात एका विचारवंताच्या हातातील कागदावर ‘देव नाही’ अशा अर्थाचे शब्द होते. गदारोळ उठला, चित्र कित्येक वर्षे झाकून ठेवले गेले. १९५६ साली रिव्हेराने स्वतःच ते शब्द पुसले. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, तो वारला.

कोणी म्हणेल, म्हातारपणी वाघ नरमला. मला तसे वाटत नाही. लेनिनचा चेहरा चित्राचा अवयव होता. तो काढणे म्हणजे हात तोडणे. कागदावरचे शब्द मात्र चित्राला लावलेली चिठ्ठी होती. चिठ्ठी गेली, चित्राचे काय बिघडले? बागेतली फुगेवाली माणसे, नटलेला सांगाडा, त्याचा हात धरून उभा असलेला लहानगा दिएगो आणि त्याच्या मागे त्याची पत्नी फ्रिडा, सारी जशीच्या तशी राहिली. १९८५ च्या भूकंपात ते हॉटेल खिळखिळे झाले, तेव्हा लोकांनी ती प्रचंड भिंत उचलून नेली आणि तिच्यासाठी वेगळे संग्रहालय उभारले.

फळ्यावर लिहिलेले आम्ही मास्तर रोज पुसतो. मुलांच्या मनात जे उरते, तेच खरे शिकवणे. रिव्हेराच्या घोषणा आता मागे पडल्या आहेत. खानखोजे १९६७ साली नागपुरात वारले. पण त्या दूरच्या भिंतीवर एक वऱ्हाडी हात अजून पाव मोडतो आहे. आज फराळाचे ताट शेजारी पोचवताना वाचकांनी त्या पंगतीची क्षणभर आठवण ठेवावी.